झटक्यानंतरची लय आणि वनस्पतींची औषधे : आयुर्वेद संशोधन परिषदेला खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषद,
नवी दिल्ली



हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून स्नायूचा जो भाग मरतो, त्याच्या जागी काही आठवड्यांत तंतुमय वण तयार होतो. हा वण आकुंचन पावत नाही आणि विद्युतसंदेशही वाहून नेत नाही. खरा धोका असतो वणाच्या कडेला. तिथे मेलेल्या आणि जिवंत पेशी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांच्यामधून जाणारा संदेश वाकड्यातिकड्या वाटेने रेंगाळत पुढे सरकतो. तो बाहेर पडेपर्यंत भोवतालचा निरोगी स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. मग तोच संदेश पुन्हा आत शिरतो, वणाभोवती फेऱ्या मारू लागतो आणि हृदयाचे खालचे कप्पे, म्हणजे जवनिका, मिनिटाला दीडशे-दोनशेच्या वेगाने धावू लागतात. या वेगाचे बेशिस्त थरथरीत रूपांतर झाले की रक्ताभिसरण थांबते. झटक्यातून वाचून घरी गेलेला माणूस काही महिन्यांनी अचानक जातो, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते.

पहिल्या तासातला लयबिघाड याहून निराळा. रक्त न मिळालेल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपते, शेजारच्या पेशींचा विद्युतभार बिघडतो आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचण्याआधीच जवनिका थरथरू लागतात. त्यानंतरचा टप्पा ए. सिडनी हॅरिस यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवला. हृदयधमनी दोन टप्प्यांत बांधली की काही तासांनी जादा ठोक्यांची सर सुरू होते आणि ती दोन-तीन दिवस टिकते. हे ठोके मुख्यतः हृदयात विद्युतसंदेश वाहून नेणाऱ्या, वाचलेल्या पुर्किन्ये तंतूंमधून निघतात. म्हणजे ‘झटक्यानंतरच्या लयबिघाडावर औषध’ या एका वाक्यात निदान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात, आणि एकावर लागू पडलेले औषध दुसऱ्यावर निरुपयोगी किंवा घातक ठरू शकते. वनस्पतींवरील अनेक शोधनिबंध हा भेदच करीत नाहीत.

हृदयाची लय सुधारणारी जुनी औषधे बहुतेक वनस्पतींतूनच आली. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्हच्या पानांवर ग्रंथ लिहिला, त्याच वर्गातल्या झाडापासून १९३० मध्ये डिगॉक्सिन शुद्ध स्वरूपात मिळाले. कोयनेलची कथा तर रुग्णानेच सुरू केली. मलेरियाच्या प्रदेशात कोयनेल घ्यायची सवय लागलेल्या एका डच व्यापाऱ्याने कारेल फ्रेडरिक वेंकेबाख यांना सांगितले, की एक ग्रॅम कोयनेल घेतले की आपली बेताल नाडी ताळ्यावर येते. वेंकेबाख यांनी ते १९१४ मध्ये नोंदवले. १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी सिंकोनाच्या सालीतील अल्कलॉइडांची तुलना केली आणि त्यांत क्विनिडिन सर्वांत प्रभावी ठरले. पुढची कित्येक दशके ते जगभर वापरले गेले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक भोवळ येई, काही जण मरत. या भोवळीच्या वेळी जवनिकांची जीवघेणी लय सुरू होते, हे १९६४ मध्ये ईसीजीच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. १९९० मध्ये कर्णिकांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, थरथरीवरील सहा चाचण्यांचे निकाल एकत्र मांडले गेले, तेव्हा लय टिकवण्यात क्विनिडिन सरस ठरले होते. पण मृत्यू क्विनिडिनच्या गटात २.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.८ टक्के होते. औषध वापरात आल्यापासून हा हिशेब मांडायला सत्तर वर्षे लागली.

भारताचे स्वतःचे योगदानही या इतिहासात आहे आणि ते अभिमानाने सांगण्यासारखे आहे. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून अल्कलॉइड वेगळी केली. त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलिन असे नाव मिळाले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. अजमलिन हृदयपेशींतील सोडियम वाहिन्या अडवते. युरोपात ते लयबिघाडावर शिरेतून दिले जाई. आज त्याचा मोठा उपयोग निदानासाठी होतो. ब्रुगाडा विकारात ईसीजीवर न दिसणारा दोष या औषधाने उघडा पडतो. ही चाचणी करताना शॉक देण्याचे यंत्र हाताशी ठेवावे लागते, कारण चाचणीतच घातक लय सुरू होऊ शकते.

या सगळ्या औषधांकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलली ती ‘कास्ट’ या चाचणीने. झटक्यानंतर ज्यांच्या जवनिकांत वारंवार जादा ठोके पडतात त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे १९८०च्या सुमारास पक्के माहीत होते. मग ते ठोके दाबले की मृत्यूही कमी होतील, हा तर्क इतका सरळ वाटे की डॉक्टर ही औषधे लाखो रुग्णांना लिहून देत होते. अमेरिकेच्या नॅशनल हार्ट, लंग अँड ब्लड इन्स्टिट्यूटने १९८७ मध्ये तो तर्क तपासायला घेतला. फ्लेकेनाइड, एन्केनाइड आणि मोरिसिझिन ही तीन कृत्रिम औषधे निवडली गेली. या चाचणीच्या रचनेतला एक तपशील परिषदेने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. प्रत्येक रुग्णाला आधी औषध देऊन पाहिले गेले आणि ज्याचे जादा ठोके औषधाने खरोखर दबले त्यालाच पुढे औषधाच्या किंवा प्लासिबोच्या गटात टाकले गेले. म्हणजे तुलना झाली ती फक्त औषध ‘लागू पडलेल्या’ माणसांची.

एप्रिल १९८९ मध्ये फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडचे गट मुदतीआधीच बंद करावे लागले. १९९१च्या अंतिम अहवालानुसार सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण मरण पावले आणि प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. केवळ लयबिघाडाने झालेले मृत्यू ४३ आणि १६ होते. मोरिसिझिनवर चाचणी पुढे चालू राहिली. तिच्या पहिल्या १४ दिवसांतच औषधाच्या गटात ६६५ पैकी १७ जणांचा मृत्यू झाला किंवा हृदय बंद पडले. प्लासिबोच्या गटात ६६० पैकी तिघांचे. ईसीजीवर जे सुधारत होते, तेच रुग्णाला मारत होते. कारण आता समजते. सोडियम वाहिन्या अडवणारे औषध वणाच्या कडेचा आधीच मंद झालेला संदेश आणखी मंद करते. त्यात एखाद्या दिवशी रक्तपुरवठा पुन्हा थोडा कमी पडला, की फेरीचा मार्ग पूर्ण होतो. जादा ठोके कमी झालेले असतात, पण उरलेला एखादाच पुरेसा ठरतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण प्रोप्रानोलॉलचे. हे बीटा ब्लॉकर जादा ठोके दाबण्यात फारसे वाकबगार नाही. तरी ३,८३७ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत झटक्यानंतर ते घेणाऱ्यांतले मृत्यू ७.२ टक्के होते आणि प्लासिबो घेणाऱ्यांतले ९.८ टक्के. ठोके मोजले असते तर हे औषध मागे पडले असते. या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की झटक्यानंतरच्या लयबिघाडावरील कोणत्याही औषधाची, मग ते कारखान्यातले असो की जंगलातले, कसोटी जादा ठोक्यांच्या संख्येवर का लागत नाही, हे कळते.

वनस्पतीशी नाते सांगणारे एक औषध या कसोटीवर चढलेही आहे. इजिप्तमध्ये उगवणाऱ्या खेल्ला या झाडाच्या बियांत खेलिन असते. त्याच्या रचनेवरून सुचलेल्या संयुगांतून १९६१ मध्ये बेल्जियममध्ये अमिओडारोन तयार झाले. युरोपातली ‘एमिएट’ आणि कॅनडातली ‘कॅमिएट’ या दोन चाचण्यांचे निकाल १९९७ मध्ये आले. झटक्यानंतर अमिओडारोन घेणाऱ्यांत लयबिघाडाने होणारे मृत्यू कमी झाले, एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्यामुळे ते सरसकट दिले जात नाही. ज्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद फार घटलेली आहे, त्यांच्यासाठी छातीत बसवायचे शॉक यंत्र अधिक भरवशाचे ठरले.

आता भारतीय औषधांकडे. बचनागातील अकोनिटिन सोडियम वाहिन्या बंदच होऊ देत नाही. प्राण्यांत मुद्दाम लयबिघाड घडवून आणण्यासाठी प्रयोगशाळा ते दशकानुदशके वापरतात. त्याच बचनागाच्या कुळातल्या दुसऱ्या जातींमधून सोव्हिएत काळात ताश्कंदच्या शास्त्रज्ञांनी लप्पाकोनिटिन मिळवले. ते उलट सोडियम वाहिन्या अडवते आणि तिकडे लयबिघाडावरचे औषध म्हणून विकले जाते. एकाच कुळात लय बिघडवणारे आणि लय दाबणारे द्रव्य असावे, ही गोष्ट थक्क करणारी आहे. पण गुणधर्माने लप्पाकोनिटिन फ्लेकेनाइडच्याच वर्गात बसते. म्हणून कास्टने विचारलेला प्रश्न त्यालाही लागू होतो, आणि वनस्पतीचे असल्यामुळे त्यातून सूट मिळत नाही.

दारुहळदीतील बर्बेरिनवर चीनमध्ये २००३ मध्ये १५६ हृदयनिकामी रुग्णांची चाचणी झाली. तिच्यात जादा ठोके कमी झाले आणि मृत्यूही कमी दिसले. हे आशादायक आहे, पण प्रत्येक गटात मूठभर मृत्यू असताना निष्कर्ष डळमळीतच राहतो. शिवाय बर्बेरिन पोटॅशियमची ‘हर्ग’ वाहिनी अडवते. ही वाहिनी अडली की ईसीजीवरचा क्यूटी कालावधी लांबतो, आणि क्विनिडिनने येणारी भोवळ याच वाटेने येते.

अर्जुनसादड्याच्या सालीवर आपल्याकडे सर्वाधिक काम झाले आहे. इंदूरच्या १९९५ च्या अभ्यासात १२ हृदयनिकामी रुग्ण होते, २००२ च्या अभ्यासात छातीत दुखण्याचे ५८ रुग्ण होते, दिल्लीत ताज्या झटक्यानंतर झडप गळणाऱ्या ४० रुग्णांवर सालीची तीन महिने चाचणी झाली. या सर्वांत सुधारणा नोंदवली गेली. दिल्लीच्या एम्समध्ये मात्र १०० रुग्णांवर प्लासिबोसह काटेकोर चाचणी झाली, तेव्हा १२ आठवड्यांत हृदयाच्या पंपशक्तीत फरक पडला नाही. यांपैकी कोणताही अभ्यास झटक्यानंतर लयबिघाडाने होणारे मृत्यू मोजण्यासाठी रचलेला नव्हता. अर्जुनारिष्टाची बाटली घराघरांत ‘हृदयासाठी’ म्हणून असते, आणि तिच्या नावावर या प्रश्नाचे उत्तर अजून जमा झालेले नाही.

उत्तर मिळवायचे तर सुरुवात सालीपासूनच करावी लागेल. झाडाचे वय, तोडणीचा हंगाम, साठवण यांनी द्रव्यांचे प्रमाण बदलते. अर्जुनाच्या सालीत त्याच कुळातल्या ऐनाची साल मिसळली गेली, तर चाचणी कशाची झाली हेच कळणार नाही. म्हणून अधिकृत वनस्पतिनमुना जपून ठेवणे, प्रत्येक घाण्याचा क्रोमॅटोग्राफीचा आलेख काढणे, जड धातू तपासणे हे आधी झाले पाहिजे. त्यानंतर मानवी मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशींवर आणि हर्ग वाहिनीवर अर्क तपासता येतो. ही पायरी स्वस्त आहे आणि रुग्णाला हात लावण्याआधीच धोका दाखवू शकते.

प्राण्यांवरील प्रयोगांत दोन दोष वारंवार आढळतात. पहिला प्राणी निवडण्याचा. भारतात बहुतेक काम उंदीर आणि घुशींच्या जातीच्या रॅटवर होते. रॅटच्या जवनिका ज्या वाहिन्यांच्या बळावर पूर्वस्थितीला येतात, त्यांत हर्गचा वाटा नगण्य असतो. त्यामुळे माणसाचा क्यूटी लांबवणारे द्रव्य रॅटमध्ये निर्धोक दिसते. गिनीपिग, ससा, कुत्रा किंवा डुक्कर यांची गरज इथे पडते. दुसरा दोष वेळेचा. प्राण्याला महिनाभर आधी अर्क पाजायचा, मग धमनी बांधायची आणि लयबिघाड कमी झाला असे लिहायचे, ही पद्धत रूढ झाली आहे. रुग्ण मात्र औषध झटक्यानंतर घेणार असतो. शिवाय आधी दिलेल्या अर्काने मेलेला भागच लहान राहिला असेल, तर लय आपोआप सुधारते. ते औषध लय सुधारणारे ठरत नाही. लयबिघाडाच्या प्रयोगांसाठी १९८८ मध्ये आखलेले आणि २०१३ मध्ये सुधारलेले लॅम्बेथ संकेत उपलब्ध आहेत. परिषदेच्या निधीतून होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाला ते बंधनकारक करता येतील.

माणसांवरील चाचणीत आजच्या उपचारांना बाजूला सारता येत नाही. रुग्णाला अँजिओप्लास्टी, ॲस्पिरिन, स्टॅटिन मिळालेच पाहिजे, आणि वनस्पतीचे औषध त्यांच्या जोडीला असले पाहिजे. जोडीला म्हटले की औषधांची एकमेकांशी होणारी गाठ आलीच. क्विनिडिनमुळे रक्तातील डिगॉक्सिन जवळजवळ दुप्पट होते, हे १९७८ मध्ये कळले. तोवर दोन्ही वनस्पतिज औषधे एकत्र देणे सर्रास चालू होते. जेष्ठमधाचे प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे. त्यातील ग्लिसिरायझिन फार दिवस, भरपूर प्रमाणात पोटात गेले तर शरीरातील पोटॅशियम घटते. झटक्यानंतर लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णात ही घट घातक लयीला आमंत्रण देते. चिनी परंपरेत अनियमित नाडीवर दिल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध काढ्याचे मुख्य द्रव्य मधात परतलेले जेष्ठमधच आहे. ते अनियमित नाडीवर शतकानुशतके चालत आले, एवढ्यावर झटक्यानंतरच्या रुग्णासाठी त्याची सुरक्षितता मान्य करता येत नाही, कारण त्या शतकांत असे रुग्ण लघवीची गोळी घेत नव्हते.

मग संख्येचा प्रश्न. समजा, आजच्या उपचारांवर वर्षाला १०० पैकी ५ रुग्ण दगावतात आणि नव्या औषधाने ते ४ वर येतील अशी आशा आहे. हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर दोन्ही गट मिळून सुमारे साडेतेरा हजार रुग्ण लागतात. ४० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात दोनच मृत्यू अपेक्षित असतात. त्यातून औषध तारते की मारते, काहीच सांगता येत नाही. साडेतेरा हजार हा आकडा छाती दडपवणारा वाटला तरी आवाक्याबाहेरचा नाही. भारतातील ‘क्रिएट’ नोंदणीत ८९ केंद्रांतून २० हजारांहून अधिक हृदयरुग्ण नोंदले गेले आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. चीनने टोंगशिनलुओ या पारंपरिक मिश्रणाची चाचणी १२४ रुग्णालयांत, ताज्या झटक्याच्या ३,७७७ रुग्णांवर, प्लासिबोसह केली. ३० दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३.४ टक्के आणि ५.२ टक्के अशा निघाल्या. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मिश्रणात वनस्पतींबरोबर कीटकही आहेत, आणि दुसऱ्या देशात हाच निकाल येतो का, हे पाहायचे आहे. तरी पारंपरिक औषधाची मोठी चाचणी होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. तुलना आजच्या उपचारांशीच का हवी, हे बीटा ब्लॉकरनेच नुकते दाखवले. २०२४ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या ५,०२० रुग्णांच्या चाचणीत, पंपशक्ती शाबूत असलेल्यांना झटक्यानंतर या औषधांचा फायदा दिसला नाही.

कायद्याची चौकट तयार आहे. २०१५च्या अधिसूचनेने वनस्पतीच्या प्रमाणित, निदान चार घटक मोजलेल्या अर्काला नव्या औषधासारखीच चाचणीची वाट दिली. शास्त्रोक्त ग्रंथातील योगांसाठी मात्र १५८-ब नियमानुसार परवान्याला नव्या सुरक्षा-चाचण्या लागत नाहीत. सर्दीच्या काढ्याला ही सवलत चालेल, पण झटक्यातून उठलेल्या रुग्णाच्या लयीवर काम करण्याचा दावा करणाऱ्या योगाला ती देऊ नये. परिषदेने आपल्या संस्थांमध्ये आणि आपल्या निधीवर असा दावा २०१५च्या वाटेने, म्हणजे पूर्ण चाचणीनेच, मान्य होईल असे ठरवावे. चाचणीचा मुख्य निकष मृत्यू, हृदय बंद पडणे आणि शॉक यंत्राने दिलेले झटके हा असावा. होल्टरवरील, म्हणजे दिवसभराच्या ईसीजी नोंदीतील, जादा ठोक्यांना दुय्यम स्थान असावे. संशोधकांपासून स्वतंत्र असलेल्या देखरेख समितीला मधूनच आकडे पाहून चाचणी थांबवण्याचा अधिकार असावा. कास्ट थांबली ती अशाच समितीमुळे.

शेवटचा मुद्दा प्रसिद्धीचा. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये झटका आलेल्या शंभराहून कमी रुग्णांना लॉर्केनाइड किंवा प्लासिबो देण्यात आले. औषधाच्या गटात ९ जण मरण पावले आणि प्लासिबोच्या गटात एक. संशोधकांना तो योगायोग वाटला, औषधाचा पुढचा विकास सोडून दिला गेला आणि निबंध पडून राहिला. तो १९९३ मध्ये छापला गेला, तोवर त्याच वर्गातली औषधे वर्षानुवर्षे देऊन झाली होती. तो वेळेत छापला असता तर इशारा आधीच मिळाला असता, हे त्या संशोधकांनीच लिहिले. भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी २००७ पासून आहे आणि २००९ पासून ती सक्तीची आहे, पण नोंदणी म्हणजे निकाल नव्हे. अर्जुन, दारुहळद, जटामांसी यांपैकी कशावरही परिषदेने झटक्यानंतरच्या लयबिघाडाची चाचणी केली, तर शेवटचा रुग्ण तपासून झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत तिचा निकाल, तो प्रतिकूल असला तरी, मृत्यूंच्या पूर्ण आकड्यांसह प्रसिद्ध व्हावा आणि त्याचा गोषवारा मराठीसह सर्व भारतीय भाषांत वैद्यांपर्यंत व रुग्णांपर्यंत पोहोचावा.